आयर्लंडने जर्मन पाणबुड्यांना डिझेल दिलं नव्हतं, तो मेसेज पाठवणं थांबवा

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत फिरतोय, की दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ म्हणजे हिटलरला सामील होतं, त्यांच्या बंदरात जर्मन पाणबुड्या डिझेल भरायच्या, ब्रिटनला काडीची मदत केली नाही आणि आजही दोघं वैरीच. माझी भाची डब्लिनला शिकायला चाललीये, आणि हे वाचून माझी आई रात्री साडेदहाला फोन करून विचारते, पोरीला कुठल्या देशात पाठवताय रे? म्हणून लिहितोय.

आधी डिझेल. अहो, द्यायला होतं कुठे? तेल-कोळसा जवळपास सगळा बाहेरून यायचा, ब्रिटनने तो आवळलेला. १९४१ मध्ये चहाचं रेशन माणशी आठवड्याला अर्धा औंस, म्हणजे जेमतेम १४ ग्रॅम. खाजगी गाड्या पुढे जवळपास बंदच झाल्या. डब्लिनमध्ये गॅस ठराविक तासच, बाकी वेळी पाइपात उरलेल्या गॅसवर कुणी आधण ठेवलं का ते बघायला इन्स्पेक्टर घरात शिरून बर्नरला हात लावायचा, गरम लागला की कनेक्शन जाण्याची भीती. लोक त्याला 'ग्लिमर मॅन' म्हणायचे. चहाला गॅस पुरत नव्हता तो देश पाणबुड्यांच्या टाक्या भरेल? ब्रिटिश हेरखात्यानेही या अफवा तपासल्या, काही सापडलं नाही.

मदतीचं म्हणाल तर फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रिटनचेच मंत्री लॉर्ड क्रॅनबोर्न यांनी वॉर कॅबिनेटला (युद्धकाळातल्या मंत्रिमंडळाला) यादी दिली, आयर्लंडने गुपचूप काय काय केलं त्याची. हवामानाचे रिपोर्ट, आयर्लंडच्या डोनेगल भागावरून ब्रिटिश विमानांना वाट, असं बरंच. १९४४ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरची दोस्त राष्ट्रांची चढाई ५ जूनवरून ६ जूनवर गेली त्यात आयर्लंडच्या मेयो काउंटीतल्या ब्लॅकसॉडच्या हवामान नोंदींचा मोठा वाटा, आणि त्या घेणारी मॉरीन फ्लॅविन ३ जूनला २१ वर्षांची झाली होती. एप्रिल १९४१ मध्ये ब्रिटनच्या ताब्यातल्या उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टवर जर्मन बॉम्ब पडले तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान दे व्हॅलेरांनी आगीचे बंब सीमेपलीकडे पाठवले. आणि त्याच वर्षी ३१ मेला जर्मन बॉम्ब डब्लिनच्या नॉर्थ स्ट्रँडवर पडले, २८ माणसं गेली.

एक गोष्ट खरी आहे, आणि ती मलाही खटकते. २ मे १९४५ ला दे व्हॅलेरा जर्मन राजदूताकडे हिटलरच्या मृत्यूचा शोक व्यक्त करायला गेले. राजशिष्टाचार म्हणे, पण बेल्सनची नाझी छळछावणी मुक्त होऊन दोन आठवडे झाले होते, जायला नको होतं. ब्रिटनकडून लढायला सैन्य सोडून गेलेल्या सुमारे ५,००० आयरिश जवानांवर सरकारी नोकरीची सात वर्षं बंदी घातली, माफी मिळाली थेट २०१३ ला. हे चूकच.

पण वैरी? २०११ मध्ये राणी एलिझाबेथ डब्लिनला गेली आणि ब्रिटनविरुद्ध लढून मेलेल्या आयरिश लोकांच्या स्मारकापुढे तिने मान झुकवली. दोन्ही देशांचे नागरिक एकमेकांकडे व्हिसाशिवाय राहतात, नोकरी करतात.

ज्याने मेसेज टाकला त्याने ग्रुपवर 'चुकीचा होता' एवढं लिहावं. आईला झोप लागत नाहीये.