काकूंचा स्कॅन आणि दोन लाख वर्षांचा आकडा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘बोन स्कॅनला टोचतात ते टेक्नेशियम निसर्गात नसलेलं, माणसाने बनवलेलं विष आहे. ते शरीरात दोन लाख वर्षं टिकतं. आपल्या आरआरकॅटमध्येच (इंदूरच्या अणुऊर्जा खात्याच्या संशोधन केंद्रात) तयार होतं. स्कॅन झालेल्याच्या घरी आठ दिवस जाऊ नका.’ वाचून एका काकूंनी ठरलेला स्कॅन रद्द केला, म्हणून हे लिहायला बसलो.

टेक्नेशियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य, हाडांच्या या तपासणीसाठी ते शिरेतून टोचतात. ते माणसाने बनवलं, हे कबूल. १९३७ साली इटलीतल्या पालेर्मोत सेग्रे आणि पेरिएर या शास्त्रज्ञांना ते अमेरिकेतल्या बर्कलेच्या सायक्लोट्रॉन या कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून आलेल्या मॉलिब्डेनमच्या पत्र्यात सापडलं. पण निसर्गात नाही कसं? १९५२ साली ते काही ताऱ्यांच्या प्रकाशात ओळखू आलं, पुढे युरेनियमच्या खनिजातही कणभर मिळालं. आणि निसर्गातलं तेवढं निर्धोक म्हणावं, तर घातक रेडियमही निसर्गातलंच की!

खरी गफलत दोन लाखांत आहे. टोचतात तो टेक्नेशियमचा टेक्नेशियम-९९एम हा प्रकार. दर सहा तासांनी ते निम्मं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोळावा हिस्सा उरतो, शिवाय बरंचसं लघवीवाटे निघून जातं. ते बदलून मागे राहतं ते टेक्नेशियम-९९, त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, सुमारे २,११,००० वर्षं. मेसेजवाल्याने हा आकडा उचलला, पण उलटा वाचला. अर्धायुष्य जितकं लांब, तितका किरणांचा मारा संथ. अख्ख्या डोसमागे उरलेल्या या टेक्नेशियमची विघटनं, म्हणजे किरण सोडून फुटणारे अणू, सेकंदाला पन्नासही भरत नाहीत. अन्नातून आलेल्या पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकाराची मात्र मोठ्या माणसाच्या अंगात सेकंदाला सुमारे चार हजार होतात, स्कॅन करा वा करू नका. स्कॅनमधून मिळणाऱ्या किरणांचा डोस शून्य नसतो. साधारण दीड वर्षात आपल्याला निसर्गातून मिळतो तेवढा असतो.

आरआरकॅटला उगाच ओढलंय. तिथे अणुभट्टी नाही. तिथल्या इंडस-२ या गोल यंत्रात इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण मिळवतात. दवाखान्यात टेक्नेशियम निघतं ते शिशाच्या आवरणातल्या जनरेटरमधून. आत बहुधा अणुभट्टीत बनलेलं मॉलिब्डेनम-९९ असतं, ते हळूहळू टेक्नेशियम-९९एममध्ये बदलत जातं; त्यावरून सलाईन सोडलं की टेक्नेशियम धुऊन बाहेर येतं. रोज धार काढावी तसं ते काढता येतं म्हणून या धंद्यातले लोक जनरेटरला गंमतीने गाय म्हणतात.

आठ दिवसांचं सोवळं नको. त्या दिवशी तान्ह्या मुलाला फार वेळ मांडीवर घेऊ नये, गरोदर किंवा अंगावर पाजणारीने आधीच सांगावं, एवढं पुरे.

काकूंनी नवी तारीख घेतली आहे. उपाशी यायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, असं तिथे सांगितलंय. म्हणजे सकाळचे पोहे-जिलेबी चुकणार नाहीत.