कमांडनं फोटो झिजत नाही, अभंगही नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या भजनी मंडळांच्या आणि युवक मंडळांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: फोटो-गाण्यांची तारीख, नाव, गायक ही फाइलीतली माहिती, म्हणजे मेटाडेटा, कमांड (संगणकाला लिहून दिलेली आज्ञा) किंवा स्क्रिप्टनं (अशा आज्ञांची यादी) बदलू नका. दर वेळी क्वालिटी उतरते, मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात, व्हिडिओची वेळ बिघडते, जागेचं नाव फोनच सरकारी पद्धतीनं कोरून ठेवतो, आणि मेटाडेटा हा पुरावा असल्यानं तो मुळात बदलताच येत नाही. बदलताच येत नसेल तर आधीच्या भीत्या कशासाठी, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

क्वालिटीपासून सुरू करू. जेपेग फाइलमध्ये तारीख, कॅमेरा, जीपीएस ही माहिती (तिला एक्झिफ म्हणतात) चित्राच्या आधी वेगळ्या तुकड्यांत बसते, आणि असा एकेक तुकडा ६४ केबीपर्यंतच असू शकतो. चित्राचा डेटा त्याच्या पुढे सुरू होतो. एक्झिफटूल हे फिल हार्वे यांचं २००३पासूनचं साधन फक्त हे तुकडे नव्यानं लिहितं, चित्र उलगडून पुन्हा दाबत नाही. कुंद्याच्या डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतला कुंदा आंबट होत नाही, तसंच हे. शिवाय सांगितलं नाही तर ते जुनी फाइल नावामागे ‘ओरिजिनल’ जोडून बाजूला ठेवतं. ‘ओव्हरराइट ओरिजिनल’ हा पर्याय दिलात तरच ती जाते. विश्वास नसेल तर त्याच साधनाला बदलाच्या आधी आणि नंतर ‘इमेजडेटाहॅश’ विचारा, म्हणजे चित्राच्या डेटावरून काढलेला, ठशासारखा आकडा (हॅश). तोच आकडा दोन्ही वेळा आला, की चित्र जसंच्या तसं आहे.

गाण्यांच्या बाबतीत मात्र फॉरवर्डमध्ये थोडं तथ्य आहे. एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओच्या साधनाला नुसतं ‘ही एमपीथ्री घे, हे नाव घाल, नवी फाइल दे’ असं सांगितलं, तर ते आवाज उलगडतं आणि पुन्हा एन्कोड करतं, तेही सहसा १२८ केबीपीएसला. ३२०चं रेकॉर्डिंग असलं तर गेलंच. यावर इलाज म्हणजे कमांडमध्ये ‘डॅश सी कॉपी’ घालायचं. मग आवाज जसाच्या तसा उचलला जातो, टॅग, म्हणजे नाव-गायकाची नोंद, तेवढा बदलतो. दोष स्क्रिप्टचा नाही, गाळलेल्या शब्दांचा. आणि क्वालिटीची एवढी काळजी असलेले लोक हेच फोटो व्हॉट्सअॅपवर ‘फोटो’ म्हणून पाठवतात, जिथं चित्र खरोखरच दाबलं जातं आणि एक्झिफही गळून पडतं! डॉक्युमेंट म्हणून पाठवा की.

आता मराठीची प्रश्नचिन्हं. ती दिसतात हे खरं, पण म्हणून सगळं इंग्रजीत लिहा हा सल्ला चुकीचा. एमपीथ्रीच्या टॅगचा सर्वांत जुना प्रकार फाइलच्या शेवटी १२८ बाइटांचा, त्यात शीर्षकाला जागा फक्त ३० बाइट. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. ‘ज्ञानेश्वरी’ काना, मात्रा, हलन्त मोजून ११ चिन्हांची, म्हणजे ३३ बाइट. शेवटची वेलांटी बाहेर राहते आणि ग्रंथाचे थेट ज्ञानेश्वर होतात. म्हणून या टॅगचा, म्हणजे आयडीथ्रीचा, दुसरा प्रकार वापरायचा. त्यातली २.३ आवृत्ती यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत लिहिते, २.४ला यूटीएफ-८ही चालतं. एफएफएमपेग आपणहून २.४ लिहितं आणि कित्येक जुने प्लेअर ती नीट वाचत नाहीत, तेव्हा आवृत्ती ३ (म्हणजे २.३) हवी असं कमांडमध्येच सांगून टाकावं. त्यावरही गाडीतल्या प्लेअरवर चौकोन दिसले, तर त्याच्याकडे देवनागरी फॉन्ट नाही एवढाच अर्थ.

फोटोंत एक्झिफचा वर्णनाचा रकाना जुन्या नियमानं आस्कीपुरता, म्हणजे इंग्रजी अक्षरांपुरता, होता, यूटीएफ-८ला परवानगी २०२३च्या ३.० आवृत्तीत मिळाली. एक्सएमपी या माहिती लिहायच्या दुसऱ्या प्रकारात ही अडचण कधीच नव्हती, मराठी तिथं लिहा. विंडोजच्या कमांड लिहायच्या काळ्या खिडकीत मराठी टाइप केल्यावर प्रश्नचिन्हं येत असतील, तर नोटपॅडमध्ये एका ओळीत एक पर्याय अशी यूटीएफ-८ फाइल करून एक्झिफटूलला तीच वाचायला द्या.

वेळ बिघडण्याचा किस्सा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत हमखास दिसतो. मिरवणूक रात्रभर चालते. रात्री दोनला काढलेल्या फोटोत दोनच वाजलेले असतात, कारण एक्झिफ स्थानिक वेळ लिहितं. त्याच क्षणीच्या एमपीफोर व्हिडिओत मात्र आदल्या तारखेचे रात्रीचे साडेआठ दिसतात, कारण तिथं वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेत, ठेवायचा नियम आहे. एक्झिफटूल ती आहे तशी दाखवतं. मग कुणीतरी घाईनं साडेपाच तास कायमचे मिळवतो, फोनची गॅलरी त्यात आपले साडेपाच पुन्हा मिळवते आणि व्हिडिओ सकाळी साडेसातचा होतो. फाइलला हात लावायची गरजच नसते, एक्झिफटूलचा ‘क्विकटाइमयूटीसी’ हा पर्याय चालू केला की वेळ बरोबर वाचली जाते.

जागेच्या नावाचं तर काहीच्या काहीच. फोन जीपीएसमध्ये अक्षांश-रेखांश लिहितो. बेळगाव शहरात साधारण १५.८५ उत्तर, ७४.५ पूर्व. त्या आकड्यांत ना राज्य असतं ना भाषा. पडद्यावरचं ‘बेळगावी’ हे नाव गॅलरीचं अॅप नकाशावरून आणून दाखवतं. नावाचा रकाना तुमचा तुम्ही भरायचा, आणि एक्सएमपीत एकाच शीर्षकाला मराठी, कन्नड, इंग्रजी अशी तिन्ही रूपं शेजारी ठेवता येतात. आपल्या भागात हे फार कामाचं आहे.

राहिला पुरावा. एका ओळीत बदलता येते ती तारीख एकटी काय सिद्ध करणार? भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र मागितलंय आणि त्याच्या नमुन्यात हॅशचा आकडा भरायचा असतो. टॅग बदलला की पूर्ण फाइलचा हॅशही बदलतो. त्यामुळे वादातल्या जमिनीचे किंवा अपघाताचे फोटो असतील तर मूळ फाइलला हात नको, काय ते प्रतीवर.

पण तारीख बदलणं म्हणजे खोटेपणा, असा जो सूर फॉरवर्डभर आहे तो स्कॅन केलेल्या फोटोंना लागूच होत नाही. १९२४च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं. त्याचा फोटो आज स्कॅन केला तर फाइलवर आजची तारीख पडते. एक्झिफमध्ये मूळ छायाचित्राची तारीख आणि डिजिटल केल्याची तारीख असे दोन वेगळे रकाने आहेतच. पहिल्यात १९२४ची तारीख घालायची, दुसरा तसाच ठेवायचा, म्हणजे एक्झिफटूलचं ‘ऑलडेट्स’ वापरायचं नाही, ते दोन्ही रकाने बदलून टाकतं. आजोबांच्या लग्नासारखं फक्त साल ठाऊक असेल, दिवस नाही, तर एक्सएमपीच्या तारखेत नुसतं सालही चालतं.