कॅनव्हासवर तैलरंग आणि आम्ही आठ जण

सहकुटुंब कलासंग्रहालयात जायचं असेल तर आधी एकदा गुपचूप एकट्याने जाऊन यावं. निदान चित्रं तरी बघून होतात. मी ते केलं नाही. उलट आदल्या रात्री जागून अभ्यास केला, कारण मेहुणा सहपरिवार येणार होता आणि त्याच्यासमोर अडाणी ठरण्यापेक्षा जागरण परवडलं.

दारातच पिशव्या जमा करून घेतल्या. पाणी त्यात, खाऊ त्यात. टोकन माझ्या हातात पडलं आणि त्याच क्षणी चिरंजीवांना तहान लागली.

चित्रं मोठ्या माणसांच्या नजरेच्या उंचीला टांगतात. सात वर्षांच्या पोराच्या वाट्याला फ्रेमची खालची कड आणि शेजारची पाटी येते. त्याने पाट्याच वाचायला घेतल्या, शाळेत धडा वाचतात त्या आवाजात. "कॅनव्हासवर तैलरंग." पुढची पाटी. "कॅनव्हासवर तैलरंग." सातव्या पाटीपाशी तो थांबला.

"बाबा, सगळ्या चित्रांचं नाव एकच कसं?"

रात्रीचा अभ्यास उफाळून आला. म्हटलं, "अरे, ते नाव नाही. या रंगात जवसाचं तेल असतं. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं. त्याला खूप वेळ लागतो."

"हे घट्ट झालंय?"

"केव्हाच!"

"मग हात लावला तर काय होतं?"

बोटांचा तेलकटपणा, घामातले क्षार या मुद्द्यांवर मी येईपर्यंत बोट निघालंसुद्धा होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीवरचे पहारेकरी काका ओरडले नाहीत, धावले नाहीत. नुसते खाकरले. बोट जागच्या जागी थिजलं. अशी एक खाकर मला जमली असती तर घरात माझं वजन वेगळंच असतं.

पुढचं जलरंगांचं दालन अंधारं होतं. सासूबाई उंबऱ्यातच थबकल्या. "जावईबापू, लाइट गेले वाटतं?"

मी सांगू लागलो: उजेडाने कागदावरचे रंग फिके पडतात, गेलेला रंग परत येत नाही, म्हणून अशा ठिकाणी प्रकाश साधारण 50 लक्सच ठेवतात, तैलचित्रांना 200 पर्यंत चालतो...

"म्हणजे रंगीत साडी सावलीत वाळत घालावी, तसं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. माझी अर्धी रात्र एका साडीत गुंडाळली गेली. मेहुण्याच्या बायकोने मात्र त्या 50 लक्सचं सोनं केलं. बाळाला खांद्यावर टाकून चार फेऱ्या मारल्या, बाळ गाढ.

बाळाचा बाप तोवर बाकावर बसला होता. माझेही गुडघे बोलू लागले होते, म्हणून शेजारी टेकलो आणि सांगितलं की या थकव्यावर 1916 साली बेंजामिन गिलमन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 'म्युझियम फटीग' असा लेखच लिहिलाय. काचपेटीतलं बघायला माणसाला किती वाकावं लागतं याचे फोटोसुद्धा काढलेत. मेहुणा काहीच बोलला नाही. हात छातीशी बांधलेले, मान किंचित कललेली, समोर भिंतभर चित्र. लोक आदराने त्याला वळसा घालून जात होते. मीही दोन मिनिटं फसलो. मग तो घोरला.

तेवढ्यात बायको आली. "अहो, पोराने पाट्यांशिवाय काही पाहिलेलं नाही. उचलून दाखवा की जरा!"

बाकासमोरच्याच चित्रापाशी जाऊन उचललं. अंगणात बसलेली बायका-माणसं, मागे झाडं. पाच मिनिटं धरून उभा राहिलो. पाठीतून कळ निघाली, पण कलेसाठी सोसली.

"बाबा, खाली ठेवा ना."

"का रे? नीट दिसत नाही का?"

"वरून कुत्रा दिसत नाही."

"कुठला कुत्रा?"

त्याला खाली ठेवलं. तो फ्रेमच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होता, या वेळी सुरक्षित अंतरावरून. मी वाकलो. बायको वाकली. सासूबाई गुडघ्यावर हात ठेवून निम्म्या वाकल्या. खाटेखाली, सावलीच्या तपकिरी रंगात मिसळून गेलेलं एक कुत्रं पायांत तोंड खुपसून झोपलं होतं.

"अगं बाई! हा मघापासून इथेच होता?" सासूबाई अजून वाकल्या.

मागे पहारेकरी काका खाकरले.