कंजूष आणि ड्रॅगन
नुकत्याच वाचलेल्या एका लेखाचे लेखक म्हणतात, कल्पनारम्य कादंबऱ्या मुलांसाठीच आणि जुनी विनोदी नाटकं आता शिळी. अजिबात पटलं नाही. फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६८ सालच्या ‘कंजूष’ (L'Avare) या विनोदी नाटकातला कंजूष घ्या. बागेत पुरलेली पैशांची पेटी चोरीला जाते, तेव्हा चोर पकडायच्या नादात तो स्वतःचाच हात धरतो! मग थेट प्रेक्षकांवरच संशय. यात शिळं काय आहे? आणि टॉल्किनच्या ‘द हॉबिट’ या कल्पनारम्य कादंबरीतला (१९३७) ड्रॅगन तरी वेगळा कुठे? सोन्याच्या ढिगावर लोळतो, पण एक पेला कमी झाला की आग ओकत सुटतो. ज्याला त्याने कधी तोंडही लावलं नसतं, असा पेला! हावरेपणाचं इतकं नेमकं चित्र वास्तववादी कादंबऱ्यांतही क्वचितच सापडतं. मोलिएरचं नाटक मात्र जमलं तर रंगमंचावरच बघा, त्या चोरीच्या प्रसंगाची निम्मी मजा नटाच्या धांदलीत आहे.