चावडीवरची पाटी

आज सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. गावी आलोय. चावडीला नवा रंग दिलाय, चांगला दिलाय. पण दाराशेजारच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी पाटीही भिंतीबरोबर पिवळ्या ऑइलपेंटखाली गेली. फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला, तर पाच मिनिटांत उत्तर : "इंग्रजांचे भाडोत्री होते ते. कशाला हवी पाटी?"

भाडोत्री!

त्या पाटीवर इंग्रजीत एवढंच आहे की १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला या गावातून ३८ माणसं गेली आणि त्यातली ५ कामी आली. नाव एकाचंही नाही. साताऱ्या-रत्नागिरीकडं अशा पाट्या कितीतरी गावांत आहेत, फक्त आकडे वेगळे.

त्या पाचांतले एक माझे पणजोबा. आजी सांगायची, तिची सासू बाजाराला जाताना चावडीपाशी थांबून पदरानं पाटी पुसायची. अक्षरओळख नव्हती. एकदा तिनं गुरुजींना विचारलं, "ह्यात आमच्या घरचं नाव कुठंय?" गुरुजी म्हणाले, "नाव नाही बाई, नुसता आकडा आहे." मग तिनं पाचाचा आकडा कुठला ते बोट लावून दाखवून घेतलं. पुढं मरेपर्यंत ती तेवढाच पुसत राहिली.

मान्य, लढाई आपली नव्हती. इराक जिंकून मिळालं ते इंग्रजांना. पण महिना ११ रुपयांसाठी जो बसऱ्याच्या बोटीत चढला, त्याच्या घरी पाऊस नव्हता, सावकार होता. त्याला भाडोत्री म्हणायचं?

पणजोबा इराकमधल्या कुट शहराच्या वेढ्यात गेले. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिने इंग्रज जनरल टाउनशेंडची फौज तुर्कांनी तिथं कोंडून धरली. १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी आत होत्या. धान्य संपत आलं तसे घोडे कापले. आपल्या शिपायांनी कित्येक आठवडे त्या मांसाला हात लावला नाही, अंगातलं बळ गेलं तरी नाही. शेवटी शरणागती. जनरलसाहेबांना इस्तंबूलजवळच्या बेटावर मानानं ठेवलं, शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं. पणजोबा उपासानं गेले की गोळीनं, हे घरी कुणालाच कळलं नाही.

आणि गावात मागं राहिलेल्यांचं काय? १९१८च्या जूनमध्ये मुंबईत मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ शिरली, त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला. पणजीची धाकटी मुलगी त्या साथीत गेली. तिचा तर कुठल्या पाटीवर आकडाही नाही.

बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ४० हजारांहून जास्त मृतांची नोंद झाली. गोऱ्यांची नावं कोरली, आपल्या अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या शिपायांची मात्र पलटणीपुढं नुसती संख्या. स्मारक सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलच्या युद्धकबर आयोगानं या भेदभावाची माफी मागितली ती २०२१ साली! पणजी तोवर कधीच गेली होती.

इंग्रजांनी नाव लिहिलं नाही याचा राग मी समजू शकतो. पण त्यांनी लिहिलेला आकडासुद्धा आपण बुजवला, आणि वर ग्रुपवर हसण्याच्या बाहुल्या टाकतोय, हे मला सहन होत नाही.

रंगाऱ्यावर राग नाही. परगावचं पोरगं, भिंत रंगव म्हटलं, त्यानं रंगवली. दुपारी मीच नखानं थोडा रंग खरवडून पाहिला. पाचाचा आकडा हाताला लागला. तिथला दगड बाकीच्यापेक्षा गुळगुळीत आहे. हात तिथून काढवेना.

रविवारी सकाळी आठला थिनर आणि जुनी फडकी घेऊन चावडीवर असेन. येणाऱ्यांनी या. तो मेसेज टाकणाऱ्या भावानंही यावं. त्याचे पणजोबाही त्या ३८ जणांत होते. ते परत आले, म्हणून तो आहे.