खाकी कागदातलं पुस्तक आणि वाचनालयातले काका

नाशिकच्या कॉलेज रोडला माझं एक नेहमीचं पुस्तकांचं दुकान आहे. तिथे 27 फेब्रुवारीला, म्हणजे तात्यासाहेबांच्या (कवी कुसुमाग्रजांच्या) वाढदिवसाला, दारातच एक टेबल मांडलं होतं आणि त्यावर खाकी कागदात बांधलेली तीसेक पुडकी. जूनमध्ये वह्यांना घालायचो ना तोच कागद, वरून सुतळी, आणि प्रत्येकावर बॉलपेनने दोन-तीन शब्द. आत कुठलं पुस्तक आहे ते घरी जाऊन उघडल्यावरच कळणार. ब्लाइंड डेट विथ अ बुक म्हणतात याला. इंग्लिश पुस्तकांचं असं मी इन्स्टावर खूप पाहिलं होतं, पण मराठी पुस्तकं अशी बांधलेली पहिल्यांदाच दिसली आणि मी तिथेच थांबले.

एका पुडक्यावर लिहिलं होतं, "विहीर. दोन भाऊ. कोर्टाची तारीख." 250 रुपये. घेतलं.

आता खरं सांगायचं तर मी ग्रामीण कादंबरी कधी विकत घेतलेली नाही. चरित्रं आणि रहस्यकथा, एवढंच माझं वाचन, आणि ऑनलाइन ऑर्डर केलं की तो ॲप मला परत चरित्रं आणि रहस्यकथाच दाखवतो. दुकानात ही कादंबरी उघडी ठेवलेली असती तर मुखपृष्ठावरची विहीर आणि बैल बघूनच मी पुढे गेले असते. घरी येऊन सुतळी सोडली, वाचायला घेतली आणि चौथ्या की पाचव्या पानावर एक म्हातारी आपल्या मुलीला "आंडेर" म्हणते. मी पुस्तक मांडीवर ठेवून तशीच बसून राहिले. माझी आजी सटाण्याकडची, अहिराणी बोलायची, आणि आईची ओळख करून द्यायची तर "मनी आंडेर", म्हणजे माझी मुलगी, असंच म्हणायची. आजी जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तो शब्द माझ्या कानावर एकदाही पडला नव्हता, आणि तो मला एका खाकी पुडक्यात मिळाला.

म्हणून या प्रकाराला कोणी नुसतं फॅड म्हटलं की मला पटत नाही. आपल्याला काही हे नवीन आहे का? लहानपणी आई मला वाचनालयात पाठवायची, पुस्तकाचं नाव कधी सांगायचीच नाही, मी काउंटरवर जाऊन म्हणायचे, "काका, आईने पुस्तक मागितलंय," आणि काका वर न बघता मागच्या कपाटातून एक काढून द्यायचे. आईने आधी काय वाचलंय, काय अर्धवट परत पाठवलंय, सगळं त्यांना पाठ. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 सालचं आहे, म्हणजे अशी पुस्तकं हातात देणाऱ्या माणसांच्या किती पिढ्या या गावात होऊन गेल्या असतील! आणि कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या उपक्रमाची पुस्तकांची पेटी ज्यांच्या सोसायटीत आलीय त्यांना तर हे वेगळं सांगायलाच नको. पेटीतलं एकही पुस्तक आपण निवडलेलं नसतं, आणि तरी ती वाचून संपतात. आमच्याकडे तर एका पुस्तकासाठी दोन काकूंमध्ये नंबर लागले होते.

पण कागद गुंडाळला की झालं असं नाही, आणि ही पोस्ट मुळात त्यासाठीच लिहितेय. पहिल्या पुडक्याच्या आनंदात मी महिनाभराने एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून अजून एक घेतलं. वर फक्त "आयुष्य बदलेल" एवढंच. घरी उघडलं तर आत एका गाजलेल्या इंग्लिश पुस्तकाच्या मराठी अनुवादाची पायरेटेड कॉपी. कागद इतका पातळ की मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतायत, ओळी तिरक्या, आणि थोडं दाबून उघडलं तर मधली आठ पानं हातात आली. अशा कॉपीचा एक रुपया लेखकाला जात नाही, अनुवादकाला नाही, प्रकाशकाला नाही. उघडं असतं तर कागद बघून मी क्षणात ओळखलं असतं, पण बांधलेलं होतं म्हणून ओळखता आलं नाही. मला याचा मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही. गिऱ्हाईक न बघता पैसे देतंय, तेव्हा तर दुकानदाराने डबल काळजी घ्यायला पाहिजे. न खपलेला माल नाहीतर असला चोरीचा माल कागदात गुंडाळून द्यायचा म्हणजे वाचणाऱ्याचा विश्वास विकणं आहे.

कॉलेज रोडवाल्या दादांना मी हे जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "ताई, मी स्वतः वाचलेलं नाही असं एकही पुडकं मी बांधत नाही, म्हणून तर तीसच आहेत." आणि मग त्यांनी दाखवलं की खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने छापील किंमत आणि नवं का जुनं तेही लिहिलेलं असतं, माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आधी वाचलेलं निघालं तर आठ दिवसांत बदलून देतात, फक्त पान दुमडलेलं नको. माझ्या मते एवढं तरी प्रत्येकाने करायलाच पाहिजे. आणि तुम्हीही विकत घेताना विचारा ना, हे तुम्ही वाचलंय का म्हणून. विकणारा गडबडला तर घेऊ नका.

अजून एक, कवितेची पुडकी बांधा असं मी त्यांना म्हटलंय. कवितासंग्रह कोणी विकत घेत नाही ही ओरड मी वर्षानुवर्षं ऐकतेय, पण नाव न बघता हातात आला तर लोक वाचतील असं मला खरंच वाटतं, निदान तात्यासाहेबांच्या गावात तरी. ते पाच-सहा बांधून बघतो म्हणालेत.

आणि त्या विहिरीच्या कादंबरीचं नाव काही मी इथे सांगणार नाही, कमेंटमध्येही विचारू नका. टेबलावर तिची अजून एक कॉपी आहे, तुमच्यापैकी कोणाच्या तरी वाट्याला येईल. माझी कॉपी सध्या आईकडे आहे. रोज दुपारी चष्मा लावून दहा-बारा पानं वाचते, आणि अहिराणी बोलणं आलं की मोठ्याने वाचते, अगदी आजीच्या हेलात.