‘फोर-बाय-फोर आहे ना, मग निघा!’ : पाद्रे आयलंडबद्दलच्या सल्ल्याला उत्तर

अमेरिकेत टेक्ससमधल्या पाद्रे आयलंड नॅशनल सीशोर या राखीव समुद्रकिनाऱ्याबद्दल एक सल्ला फार फिरतो. हा किनारा कायद्याने रस्ताच आहे, तेव्हा फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी) घ्या, टाकी फुल करा, भरतीचं वेळापत्रक बघून ओल्या वाळूवरून चालवा, अडकलात तर फोन करा. यातलं बरंचसं अर्धवट खरं आहे आणि म्हणूनच माणसं फसतात.

‘कायद्याने रस्ताच आहे.’ हो, म्हणजे लायसन्स, विमा, सीटबेल्ट सगळं लागतं आणि एटीव्हीला, म्हणजे वाळू-चिखलात पळवायच्या छोट्या उघड्या चारचाकीला, बंदी आहे. पण तो कोणी बांधलेला नाही. पहिले 5 मैल साधी गाडीही बहुधा जाते, पुढे फक्त फोर-बाय-फोर. मधल्या बिग शेल भागात शिंपल्यांचा जाड, सुटा चुरा आहे आणि किनारा उतरता. तिथे चार चाकं फिरतात, गाडी हलत नाही. उपाय टायरमधल्या हवेत आहे, आणि हवेबद्दल या सल्ल्यात एक शब्द नाही. 35 पीएसआय (टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं एकक) वरून 20 वर या, फारच भुसभुशीत लागलं तर 15-16. हवा कमी केली की टायर लांब पसरतो, वजन वाटलं जातं आणि चाक रुतण्याऐवजी वर राहतं. त्याहून फार खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. म्हणून दाब मोजायचा प्रेशर गेज आणि हवा भरायचा कंप्रेसर दोन्ही सोबत ठेवा. डांबरी रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो.

‘टाकी फुल केली की झालं.’ दक्षिण टोकाला बेट कापत जाणाऱ्या मॅन्सफील्ड चॅनेल या जलमार्गापाशी किनारा संपतो. पलीकडे जायला पूल नाही, आल्या वाटेनेच परतायचं. जाऊन-येऊन 120 मैल, म्हणजे सुमारे 193 किलोमीटर. रस्त्यावर लिटरला 10 किलोमीटर देणारी गाडी वाळूत 5-6 देईल असं धरा; नुसत्या किनाऱ्यालाच 32 ते 39 लिटर लागतात. वाटेत पंप नाही, पिण्याचं पाणीही नाही. माणशी रोज 4 लिटर पाणी, वर एका दिवसाचं जास्त.

‘भरतीचं वेळापत्रक बघा.’ सगळ्यात मोठी गफलत इथे होते. मेक्सिकोच्या आखातात या बाजूला भरती-ओहोटीतला फरक सहसा अर्ध्या मीटरच्याही आत असतो. पाणी चढवतो तो वारा. समुद्रावरून वारा जोरात वाहत राहिला तर ओहोटीच्या वेळीही लाटा वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी पोचतात आणि वाट उरत नाही. टेकड्यांवर गाडी घालायला मनाई आहे. वाऱ्याचा आणि लाटांच्या उंचीचा अंदाज आधी बघा, वेळापत्रक नंतर.

‘ओल्या वाळूवरून चालवा.’ ओली वाळू घट्ट असते, पण लाट पोचते तिथे थांबू नका. प्रत्येक लाट चाकाखालची वाळू ओढून नेते. शिवाय एप्रिल ते जुलै केम्प्स रिडली कासवं अंडी घालायला दिवसाढवळ्या वर येतात. वेग इतकाच ठेवा, की पुढचं कासव दिसून गाडी थांबवता येईल. हे कासव अत्यंत संकटात आहे, एकही मादी चाकाखाली जाता कामा नये.

‘अडकलात तर फोन करा.’ दक्षिणेकडे सिग्नलचा भरवसा नाही. चाक जागेवर फिरू लागताच पाय उचला, नाहीतर गाडी पोटावर बसते. टायरमागची आणि डिफरन्शियलखालची (चाकांच्या आसाच्या मधल्या फुगीर भागाखालची) वाळू फावड्याने काढा, हवा आणखी 3-4 पीएसआय कमी करा, रिकव्हरी बोर्ड (चाकाला पकड देणारी खडबडीत फळी) चाकाला मागून भिडवा, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक घसरलं की ताकद आपोआप कमी करणारी यंत्रणा) बंद करा आणि आल्या चाकोरीतून हळू मागे या. जॅकखाली जाड प्लायवूड लागतं, त्याशिवाय जॅकच रुततो. ओढायचा दोर चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) रिकव्हरी पॉइंटलाच, म्हणजे ओढण्यासाठीच्या मजबूत हुकालाच बांधा, टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) कधीच नाही. बॉल तुटून गोळीसारखा सुटतो आणि अशाने माणसं मेली आहेत. बोर्ड, फावडं, दोर दोन्ही गाड्यांत ठेवा. हो, गाड्या दोन हव्यात, आणि परतायची वेळ मुख्य भूमीवरच्या कुणाला तरी सांगून निघा.